शेजारी बसून शिकवताना

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत होते, तेव्हा एका कोडगू कुटुंबातल्या मुलांना शिकवून ते आपला खर्च भागवत. 1881 मध्ये बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, 1883 मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुणेकरांना ठाऊक आहेत. जवळपास त्याच वर्षांत मुंबईत धोंडो केशव कर्वे शिकवण्या करून शिकत होते. 1884 मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले आणि 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. या दोघांबद्दल बोलताना शिकवणीचा उल्लेख हलाखीच्या दिवसांची खूण म्हणून येतो आणि लगेच मागे पडतो. त्या शिकवण्यांनी शिकवणाऱ्या मुलाला काय दिलं असेल, हा प्रश्न मला जास्त ओढतो. समोरच्याला अपूर्णांक समजावताना आपला अपूर्णांक किती कच्चा आहे हे कळतं, आणि मग तो पक्का करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हे पुस्तक अशा शेजारी बसून शिकवण्याबद्दल आहे. एक मूल, एक शिकवणारं माणूस आणि मध्ये एक वही. विषय दोन, गणित आणि विज्ञान. इयत्ता साधारण पाचवी ते दहावी. शहर बंगळुरू, कारण मी इथे राहते आणि इथेच शिकवते. कानडी घरांतली मुलं मला ‘मिस’ म्हणतात, मराठी घरांतली ‘काकू’. एचएएल, इस्रो, विज्ञान संस्था आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या यांच्यामुळे पुण्या-नागपूरहून, बेळगाव-कोल्हापूरहून आलेली कुटुंबं इथे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांची एक खास अडचण असते. चौथीपर्यंत बालभारतीची पुस्तकं वाचलेलं मूल अचानक अशा शाळेत जाऊन बसतं, जिथे सहावीपासूनच भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र वेगवेगळे असतात. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचं बोर्ड निराळं, वरच्या मजल्यावरच्या मुलीचं आणखी निराळं. त्यामुळे आपलं मूल कुठे मागे पडलंय आणि कुणाच्या मागे, हेच आईवडिलांना नीट कळत नाही. शिकवणीसाठी फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच तक्रारीनं: ‘तसा हुशार आहे हो, पण सिली मिस्टेक्स फार करतो.’

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे आणि हे पुस्तक बऱ्याच अंशी त्या भांडणातूनच आलंय. निष्काळजीपणाच्या चुका असतात, पण थोड्या. बाकीच्या चुकांमागे मुलाचा एक विचार असतो, बरेचदा त्याच्या दृष्टीनं अगदी सुसंगत. तो विचार चुकीच्या जागी उभा असतो, एवढंच. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात शिक्षिकेला उत्तर दिसतं, त्यावर फुली मारावी लागते आणि पुढची वही ओढावी लागते. यात तिचा दोष नाही, कारण चाळीस मिनिटांच्या तासात पंचेचाळीस विचार मुळापर्यंत तपासणं कुणालाच शक्य नाही. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र उत्तराच्या आधीची ओळ लिहिली जाताना दिसते. एकास एक शिकवणीचं सगळं बळ मला त्या दिसण्यात वाटतं. शिकवणारा छान समजावतो, गोड बोलतो, भरपूर नोट्स देतो, हे सगळं त्यानंतर.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आठवीतलं मूल 2x + 5 = 17 हे समीकरण सोडवतं आणि पुढच्या ओळीत 2x = 22 लिहितं. आई म्हणते, चिन्ह बदलायला विसरला. अशा वेळी मी समीकरण बाजूला ठेवते आणि कागदावर लिहून देते: 8 + 4 = □ + 5. चौकोनात काय येईल? गणितशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांत हा प्रश्न प्रसिद्ध आहे. पुष्कळ मुलं चौकोनात 12 लिहितात. काही त्यापुढे जाऊन आणखी एक बरोबरचं चिन्ह काढतात आणि 17 लिहितात. म्हणजे आठवीतल्या या मुलाच्या लेखी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा आहे. पहिलीपासून त्यानं ते चिन्ह तसंच पाहिलं, कॅल्क्युलेटरवरही ते दाबलं की उत्तरच येतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. मग ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम त्याला मंत्रासारखा पाठ करावा लागतो, आणि मंत्र कधी आठवतो, कधी नाही. अशा मुलाला आणखी पन्नास समीकरणं सोडवायला लावली तर पन्नास वेळा त्याच कच्च्या जागेवर वजन पडतं.

यावर पाठ्यपुस्तकांचा उपाय म्हणजे तराजूचं चित्र. पण या शहरातल्या पुष्कळ मुलांनी दोन पारड्यांचा तराजू हाताळलेलाच नसतो. भाजीच्या गाडीवरसुद्धा आकडे दाखवणारा काटा असतो. म्हणून आम्ही कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना दोन पिशव्या लटकवतो आणि त्यात एकसारखे खोडरबर टाकतो. एका पिशवीतून पाच काढले की दुसरीतूनही पाच काढावेच लागतात, नाहीतर हँगर कलतो. हे हातानं दोनचारदा केलं की ‘पलीकडे नेणं’ या शब्दांची गरज संपते.

दशांश अपूर्णांकांचंही असंच. 0.35 मोठे की 0.8? मूल 0.35 म्हणतं, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. माझ्या पिढीला हे रुपये-पैशांनी कळलं: ऐंशी पैसे आणि पस्तीस पैसे. आज पंचवीस पैशांचं नाणं कुणाच्या हातात नाही, 2011 च्या जूनअखेर ते चलनातूनच गेलं, आणि मुलांसमोर व्यवहार होतात ते फोन स्कॅनरसमोर धरून. पैशांचं उदाहरण पुस्तकात राहिलं, घरातून गेलं. त्यामुळे दशांशासाठी दुसरी सामग्री शोधावी लागते: शिंप्याची टेप, तापमापक, नंदिनीच्या दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी, पेट्रोलपंपावरचे पळते आकडे. घरात आजी असेल तर मी तिला हटकून हाक मारते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या बायका अजून आहेत. ‘पाऊण किलो आणि अर्धा किलो मिळून किती?’ या प्रश्नाचं उत्तर त्या कढईवरची नजर न हलवता देतात, आणि नातवाला पहिल्यांदा वाटतं की अपूर्णांक ही खरोखर वापरायची गोष्ट आहे.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी लागते. मूल मनातल्या मनात कोणत्या भाषेत मोजतं? घरी आजी ‘त्रेसष्ट’ म्हणते, शाळेत ‘सिक्स्टी थ्री’, रिक्षावाला कानडीत आकडा सांगतो. मराठीत एकक आधी येतं आणि दशक नंतर. इंग्रजीत आणि कानडीत दशक आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे आपली बाजू मांडली होती: इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत संख्या ज्या क्रमानं लिहितो त्याच क्रमानं बोलतो, आणि लहान मुलांना ते सोपं जातं. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या बाईंना मुलांची गणिताशी मैत्री व्हावी याची खरी कळकळ होती. मला स्वतःला जुनी संख्यानामं जायला नको आहेत. पण तोंडानं ‘त्रेसष्ट’ म्हणत 36 लिहिणारं मूल बंगळुरूत पाहिल्यावर त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य नाकारता येत नाही. त्या मुलाला रागावण्यापेक्षा, हातच्याची गणितं कोणत्याही एकाच भाषेत मोठ्यानं बोलत करायला सांगितली तर गोंधळ काही आठवड्यांत ओसरतो.

विज्ञानात चूक सापडणं आणखी अवघड, कारण तिथे मूल बरोबर उत्तर पाठ करून बसलेलं असतं. पाणी किती अंशांना उकळतं? शंभर. सातवीतल्या कोणत्याही मुलाला विचारा. मग प्रयोगशाळेत वापरतात तसा तापमापक पातेल्यात धरून बघायला सांगा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. उंची दर 300 मीटरनं वाढली की पाण्याचा उत्कलनांक साधारण एका अंशानं उतरतो. म्हणजे इथे पाणी सुमारे 97 अंशांना उकळायला हवं, आणि उकळतं. मुलाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: थर्मामीटर खराब आहे. दुसरी: आपण चुकीचा धरला. पुन्हा मोजल्यावरही पारा तिथेच थांबला, की बरीच मुलं वहीत शंभर लिहून मोकळी होतात. डोळ्यांना दिसलं 97, हातानं लिहिलं 100. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या जर्नलमध्ये शंभर लिहिल्याबद्दल पूर्ण गुण मिळतील, हे त्या मुलाला ठाऊक असतं. शेजारी बसलेल्या माणसानं त्या वेळी एवढंच म्हणायचं, ‘जे दिसलं ते लिही, आपण कारण शोधू.’

कारण शोधण्यात दोनतीन दिवस जाऊ द्यावेत. कुणी पाण्यात मीठ आहे का विचारतं. कुणी कावेरीच्या पाण्याऐवजी बोअरचं पाणी घेऊन बघतं. एका घरी मुंबईच्या चुलत बहिणीला व्हिडिओ कॉल करून तिलाही पातेलं ठेवायला लावलं होतं. तिचा तापमापक शंभराच्या अगदी जवळ जाऊन थांबला, आणि मग ‘मुंबईत असं काय आहे?’ हा प्रश्न मुलानं स्वतः विचारला. समुद्र, उंची, हवेचा दाब, प्रेशर कुकर, असा माग काढत ते कुठे कुठे गेलं. हवेच्या दाबाचा धडा त्याच्या पोर्शनमध्ये पुढे होता. आला तेव्हा तो त्यानं गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचला.

विजेच्या बाबतीत मी एस. पी. रोडवर जाते. सदर पत्रप्पा रस्ता म्हणजे बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्सचं कोठार. पुण्याच्या वाचकांनी तपकीर गल्ली आठवावी. तिथून एकाच बनावटीचे दोन छोटे बल्ब, सेल आणि वायरचा तुकडा आणायचा. बल्ब एकापुढे एक जोडायचे, पण जोडण्याआधी मुलाकडून वहीत लिहून घ्यायचं: कोणता बल्ब जास्त पेटेल? पुष्कळ मुलं लिहितात, पहिला, कारण वीज आधी त्याच्याकडे येते आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. ओहमचा नियम तोंडपाठ असलेली मुलंही असंच लिहितात. जोडणी केल्यावर दोन्ही सारखेच मंद पेटतात. आता खरी मजा सुरू होते. एका मुलीनं बराच वेळ बल्बकडे बघून विचारलं, ‘करंट संपत नाही तर मग सेल का संपतो?’ विद्युतधारा आणि ऊर्जा यांतला फरक इतक्या नेमक्या प्रश्नात मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. तो प्रश्न यायला पाचसात मिनिटांची शांतता लागली होती. वर्गात तेवढ्या शांततेत दंगा सुरू होतो. म्हणून या पुस्तकात शिकवणाऱ्याला मी सतत एक सूचना केली आहे: प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. फी देणारे आईवडील स्वयंपाकघरातून ऐकत असतात आणि बाहेर आवाज येत नाही म्हणजे शिकवणं चाललेलं नाही असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठीही मी एक प्रकरण लिहिलंय.

एकास एक शिकवण्याचा परिणाम किती, हे मोजण्याचा प्रयत्न झालेला आहे. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये लिहिलेल्या निबंधात असं मांडलं, की अशा शिकवणीत शिकलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या सुमारे 98 टक्के मुलांच्या पुढे जातं. हा आकडा तेव्हापासून जाहिरातींत आणि भाषणांत फिरतो आहे. त्या प्रयोगांत मुलांना वारंवार चाचण्या आणि चुकांची दुरुस्तीही मिळत होती, हे सांगायचं राहून जातं. पुढच्या अभ्यासांत फरक आढळला, पण इतका मोठा नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जो परिणाम काढला, त्यावरून शिकवणीतलं सरासरी मूल शिकवणी नसलेल्या साधारण 78 टक्के मुलांच्या पुढे जातं. माझ्या दृष्टीनं त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. फक्त अंतिम उत्तर चूक की बरोबर सांगणाऱ्या संगणकी शिकवणीचा परिणाम बेताचा होता. प्रत्येक पायरीवर दखल घेणाऱ्या संगणकी शिकवणीचा परिणाम माणसाच्या शिकवणीच्या जवळजवळ बरोबरीचा निघाला. म्हणजे पायरी न्‌ पायरी पाहिली जाणं, यात सारं आहे.

मग यंत्रच का नको? मला यंत्राचं वावडं नाही. पायऱ्या टाइप करणाऱ्या, स्वतःहून विचारणाऱ्या मुलाला ते चांगली सोबत देईल. माझ्याकडे येणारी बरीच मुलं एक ओळ लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात, पुन्हा खोडतात आणि शेवटी ‘येत नाही’ म्हणतात. खोडलेल्या दोन ओळींपैकी पहिली बहुधा बरोबर असते. ती खोडली का, हे विचारायला शेजारी कुणीतरी लागतं. संध्याकाळी आउटर रिंग रोड तुंबलेला असतो, म्हणून आता निम्म्याहून जास्त तास मीसुद्धा ऑनलाइनच घेते. तिथे एक नियम मी सोडत नाही: कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर नको, वहीवर हवा.

ब्लूम यांचा मूळ प्रश्न खर्चाचा होता. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं समाजाला परवडत नाही, तर तेवढाच परिणाम वर्गात कसा साधावा? बंगळुरूनं या प्रश्नावर अफाट पैसा ओतला. वेदांतू, अनअकॅडमी, बायजूज या कंपन्या इथल्याच. बायजूजचं अॅप 2015 मध्ये आलं, 2022 मध्ये कंपनीचं मूल्यांकन 22 अब्ज डॉलरपर्यंत गेलं आणि जुलै 2024 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या इथल्या खंडपीठानं तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायला परवानगी दिली. त्याची आर्थिक कारणं अनेक आहेत आणि ती मांडणारी जाणकार मंडळी आहेत. शिकवणारी बाई म्हणून मला एवढंच दिसतं, की चित्रफितीच्या लाखो प्रती काढता येतात, पण माणसाच्या तासाची दुसरी प्रत निघत नाही. सलमान खान यांची खान अकॅडमी आज जगभर पाहिली जाते, तिची सुरुवात 2004 मध्ये त्यांनी नादिया या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवर गणित शिकवण्यातून झाली. चित्रफिती नंतर आल्या. आधी एक अडलेली मुलगी होती आणि तिचं नेमकं कुठे अडलंय हे विचारणारा भाऊ.

उच्च शिक्षणात ही गोष्ट कुणाला पटवावी लागत नाही. गाणं असंच शिकतात आणि संशोधनही. याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत 1933 मध्ये कमला भागवत आल्या, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मुलगी आहे म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा कडक अटी घालून त्यांना घेतलं गेलं. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी जीवरसायनाचं काम शिकून घेतलं आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. कमला सोहोनी म्हणून पुढे आपण त्यांना ओळखू लागलो. संशोधक घडवायला एका विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक हवा, हे संस्था मान्य करतात. अकरा वर्षांच्या मुलीला ऋण संख्या समजून घ्यायला तसं कुणी आठवड्यातून तासभर हवं, हे मात्र आईवडिलांच्या पाकिटावर सोडलं जातं.

आणि पाकिटं सारखी नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2025 मध्ये केलेल्या शिक्षणविषयक पाहणीत देशातले 27 टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेणारे आढळले, शहरांत 30.7 टक्के. यातल्या बहुतेक शिकवण्या गटात चालतात. एकास एक शिकवणी त्यातल्या थोड्यांना परवडते. ज्या इमारतीत मी सातवीच्या मुलाला शिकवायला जाते, तिथेच काम करणाऱ्या बाईंची मुलगी सरकारी शाळेत सातवीत असते आणि तिच्या शेजारी कुणी बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी करायला मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. वर्गात हात राखून शिकवावं आणि घरी पैसे घेऊन पूर्ण करावं, हा मोह व्यवस्थेनं उभाच करू नये. पण कायद्यानं एक दार बंद केलं, तर दुसरं उघडणारं कुणीतरी हवं.

अशी दारं उघडलेली आहेत. मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली या. 2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला आणि मुलं खरोखर पुढे गेल्याचं दाखवलं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम केलं. विज्ञान डोक्यावरून जातं असं वाटणाऱ्या मुलांची अडचण बरीचशी पुस्तकाच्या भाषेत आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. बंगळुरूची अक्षरा फाउंडेशन सरकारी शाळांत गणिताची साधनं घेऊन जाते. हे सगळं वाचताना मला विश्वेश्वरय्या आणि कर्वे यांच्यासारखे शिकता शिकता शिकवणारे तरुण दिसतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा आठवड्यातून दोन तास सातवीतल्या एका मुलीशेजारी बसला, तर दोघांचंही गणित सुधारतं. पैशांचा प्रश्न त्यात फार थोडा आहे. या पुस्तकाचा दुसरा भाग मी अशा मुलामुलींसाठी लिहिला आहे आणि मनातून तोच भाग सर्वांत जास्त वाचला जावा असं मला वाटतं.

आईवडिलांना स्वतः काय करता येईल? इथे मला नेहमी जयंत नारळीकरांचं लहानपणचं बनारसचं घर आठवतं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे राहिले होते. घरात फळा होता. मामा त्यावर एखादं अवघड गणित लिहायचे, जयंतसाठी आव्हान म्हणून, आणि ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत तिथेच ठेवायचे. मला यातली मोकळीक आवडते. तास ठरलेला नाही, परीक्षा नाही, पोर्शन नाही. येता-जाता मुलाची नजर त्यावर पडते. प्रत्येक घरात मोरूमामा नसतो हे खरं. पण फळा असू शकतो, आणि ज्याचं उत्तर आईवडिलांनाही लगेच येत नाही असं एखादं गणित त्यावर आठवडाभर राहू शकतं. आई उत्तर शोधताना दिसली, अडली, पुन्हा बसली, तर मुलाला अडण्याची लाज वाटेनाशी होते. मी पाहिलेल्या मुलांपैकी गणितात मोकळी झालेली बरीच मुलं अशा घरांतली होती, आणि त्यांतल्या काही आया स्वतः दहावीनंतर गणिताच्या वाटेला गेल्या नव्हत्या.

शिकवणी कधी नको, तेही सांगायला हवं. शाळेतून आलेलं मूल थकलेलं असेल आणि झोपेची भूक असेल, तर आणखी एक तास हा उपाय नाही. पुढच्या वर्षाचं पोर्शन सुट्टीत उरकून घ्यायला मी नकार देते. गृहपाठ करून द्यायला तर अजिबात बसत नाही. डेमो क्लास मागतात तेव्हा मी मुलाला काही शिकवत नाही. त्याच्या जुन्या उत्तरपत्रिका मागवते आणि एका चुकलेल्या गणिताबद्दल त्याला बोलतं करते. काही पालकांना ते आवडत नाही. ते दुसरीकडे जातात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. आपल्या मुलाला त्रास देणारं प्रकरण आधी उघडावं. मात्र कुठल्याही इयत्तेचं मूल असलं तरी अपूर्णांकांचं प्रकरण वगळू नये. नववीत बीजगणित अडतं म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांचं खरं अडलेलं असतं पाचवीतल्या छेदापाशी. प्रत्येक प्रकरणात मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं जशीच्या तशी दिली आहेत आणि त्यामागचा विचार काय असावा याचा तर्क मांडला आहे. मुलांची नावं कुठेच दिलेली नाहीत आणि शाळांचीही नाहीत. जुनी पाठ्यपुस्तकं हवी असतील त्यांना बंगळुरूत अव्हेन्यू रोडवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात ती मिळतील. वेगवेगळ्या बोर्डांची पुस्तकं शेजारी ठेवून एकच धडा वाचणं हा मला स्वतःला फार आवडणारा उद्योग आहे.

रसायनाचा भाग इतरांपेक्षा लहान आहे, कारण घरात सुरक्षितपणे करता येतील असे प्रयोग कमी. तीव्र आम्लं घरी आणू नयेत, दुकानात सहज मिळत असली तरी. हळदीत बुडवून वाळवलेला कागद, लिंबू, खायचा सोडा, चुन्याची निवळी आणि साबणाचं पाणी एवढ्यावर आठवीपर्यंतचं आम्ल आणि आम्लारी नीट होतं. रासायनिक समीकरणं संतुलित करताना मुलं सूत्रातला खालचा आकडाच बदलून टाकतात, पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवतात. त्या चुकीसाठी शेंगदाणे आणि टूथपिकची रीत दिली आहे. दहावीची कार्बनी संयुगं या आवृत्तीत नाहीत. त्यांच्यासाठी जमवलेल्या चुका अजून पुरेशा नाहीत, आणि चुका हाताशी नसताना तो भाग लिहायची माझी तयारी नव्हती.